छांदिष्टाचा अर्धा सेकंद

चालते यंत्र उघडून पाहण्याची खोड काही माणसांना जन्मजात असते. भिंतीवरचे घड्याळ नीट वेळ दाखवीत असले तरी त्याच्या आतील चाके पाहिल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. असा एखादा गृहस्थ प्रत्येक आळीत सापडतो. शेजारीपाजारी त्याला छांदिष्ट म्हणतात, घरची माणसे याहून कडक शब्द वापरतात. संगणकाच्या जगात या स्वभावाच्या लोकांचे एक मोठे गावच वसले आहे. त्या गावाचे नाव लिनक्स. तेथील मंडळींचा नित्याचा उद्योग कसा चालतो, आणि २०२४ सालच्या मार्चमध्ये त्यांच्यापैकी एकाच्या चौकस सवयीमुळे केवढे संकट टळले, ते आज सांगावयाचे आहे.

प्रथम लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते निरनिराळे प्रोग्रॅम यांच्यामध्ये एक कारभारी लागतो. कोणाला किती स्मृती द्यावयाची, कोणाचे काम आधी करावयाचे, हे तो ठरवितो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी अशी एक सिस्टिम लिहीत होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने ती गोष्ट जाहीर केली, तीही केवळ हौसेचे काम म्हणून. पुढील वर्षी त्याने या कामाला असा परवाना लावला की, त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी. मात्र देताना घेणाऱ्यासही तोच हक्क द्यावा. त्या हौसेच्या कामावर आज जगातील अतिवेगवान पाचशेही महासंगणक चालतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे.

आता लिनक्सवेड्याची संध्याकाळ पाहा. दहा वर्षांपूर्वीचा, दुकानदाराने मोडीत काढा म्हणून सांगितलेला एक लॅपटॉप त्याच्यापुढे असतो. त्यावर डेबियन घालावे, फेडोरा घालावे की आर्च, यावर त्याचा मित्रांशी वाद झालेला असतो. हे सर्व लिनक्सचेच संच, परंतु वाद मात्र दोन घराण्यांच्या गवयांसारखा रंगतो. संच बसतो आणि वाय-फाय चालत नाही. मग रात्री उशिरापर्यंत काळ्या पडद्यावरील पांढऱ्या ओळी वाचणे चालते. यंत्र आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवीत असते, आणि या नोंदी वाचण्यात या मंडळींचे अर्धे आयुष्य जाते. साध्या मजकुराच्या फाइलीत एक ओळ बदलावी, यंत्र पुन्हा सुरू करावे, काल चालणारा आवाज आज बंद पडलेला पाहावा, आणि त्या ओळीचा या आवाजाशी काय संबंध याचा शोध घेत बसावे, असा हा क्रम आहे. घरच्यांना यात वेळेचा अपव्यय दिसतो. त्यांचे अगदीच चुकते असेही नाही.

परंतु या खटाटोपातून कधी कधी खरा दोष हाती लागतो. तेव्हा हा गृहस्थ ‘पॅच’ तयार करतो. पॅच म्हणजे ठिगळ. त्यात सारी संहिता पुन्हा लिहीत नाहीत. काढलेल्या ओळीपुढे उणे चिन्ह आणि घातलेल्या ओळीपुढे अधिक चिन्ह, एवढेच असते. ते तो त्या प्रोग्रॅमच्या राखणदाराकडे धाडतो. राखणदार तपासतो, शंका विचारतो, पटले तर स्वीकारतो. हजारो अनोळखी माणसांनी मिळून एक मोठी वास्तू उभारावी, ती या रीतीने उभी राहिली आहे. डेबियनने तर नव्या, न पारखलेल्या मालासाठी वेगळी शाखाच ठेवली आहे. तिचे नाव सिड. ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटात खेळणी मोडणारा जो मुलगा आहे, त्याच्यावरून हे नाव ठेवले. वेड्यांनाही आपल्या वेडाची गंमत कळते, ती अशी.

या वास्तूचा एक दगड म्हणजे ‘एक्सझेड’. फाइली दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम. फिनलंडमधील लासे कॉलिन हे ते वर्षानुवर्षे जवळजवळ एकटे आणि विनावेतन सांभाळीत आले. २०२१ मध्ये जिया टॅन असे नाव घेणारी कोणी व्यक्ती चांगली ठिगळे धाडू लागली. २०२२ मध्ये आणखी काही अपरिचित नावांनी तक्रारी सुरू झाल्या की, काम मंद चालते, राखणदार बदला. प्रकृतीच्या कारणाने आपल्याला पूर्वीइतके झेपत नाही आणि हा विनावेतन छंद आहे, असे कॉलिन यांनी उत्तर दिले. हळूहळू जिया टॅनच्या हाती किल्ल्या आल्या. ती तक्रार करणारी नावे त्याच कटातील असावीत, असा आता दाट संशय आहे. थकलेल्या माणसाच्या सौजन्याचा असा उपयोग करून घेणे, हा या प्रकरणातील सर्वांत हीन भाग मला वाटतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्सझेडची ५.६.० ही आवृत्ती निघाली. तिच्यात चोरदरवाजा होता. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, वाचता न येणाऱ्या फाइलींत तो दडविला होता; त्यांना जागे करणारी संहिता उघड भांडारात नव्हतीच, फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होती. दूरच्या संगणकात शिरण्याचा जो राजरस्ता, त्या ‘एसएसएच’च्या द्वारपालाचा एक्सझेडशी सरळ संबंध नाही. परंतु काही संचांनी आपल्या सोयीसाठी जोडलेल्या दुसऱ्या एका भागाबरोबर एक्सझेडही तेथे येऊन बसत असे. ज्याच्याजवळ ठरावीक गुप्त किल्ली असेल त्याला तेथून परवलीच्या शब्दावाचून यंत्रावर हुकूम चालविता आला असता.

आंद्रेस फ्रॉयंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारे आणि पोस्टग्रेस या माहितीसाठ्याच्या प्रणालीवर काम करणारे तंत्रज्ञ. डेबियनच्या सिड शाखेवर ते वेगाची बारीक मोजमापे घेत होते. अशा मोजणीस यंत्र शांत हवे असते. पाहतात तो एसएसएचचा द्वारपाल उगाच श्रम करतो आहे. चुकीच्या नावाने दार ठोठावणाऱ्यास परत पाठवितानाही त्याची दमछाक होते. एरवी ०.३ सेकंदात होणाऱ्या प्रवेशाला ०.८ सेकंद लागत होते. अर्ध्या सेकंदासाठी कोण अडून बसणार? ते बसले. काही आठवड्यांपूर्वी एका तपासणीत आलेली, तेव्हा अर्थ न लागलेली एक तक्रारही त्यांना आठवली. माग काढीत ते एक्सझेडपाशी पोहोचले. आधी त्यांना वाटले, डेबियनच्या गठ्ठ्यात कोणी हात घातला असावा. मग ध्यानी आले की पाणी उगमापाशीच नासले आहे. २९ मार्च २०२४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांनी ते जाहीर केले.

दूषित आवृत्ती तोवर डेबियनच्या स्थिर शाखेत पोहोचली नव्हती. सिड, फेडोराची चाचणी-आवृत्ती, ओपनसुसेचा टंबलवीड अशा पुढे धावणाऱ्या संचांतच ती शिरली होती. आणखी काही महिने गेले असते तर जगभरच्या असंख्य सर्व्हरांवर ती निमूटपणे बसली असती. उघड्या संहितेचे अभिमानी म्हणतात, सर्व काही उघडे होते म्हणूनच माग काढता आला. ते खरे आहे. परंतु त्याच उघड्या दारातून जिया टॅनही आत आला होता, आणि दाराशी एकच दमलेला माणूस उभा होता, हेही तितकेच खरे आहे. पहाऱ्याची जागा योगायोगाने घेतली, एवढेच मला म्हणता येते.

उबुंटूने आपली चाचणी-आवृत्ती एक आठवडा लांबणीवर टाकून सारे गठ्ठे नव्याने बांधले. जिया टॅन कोण, हे उघडकीस आले नाही. लासे कॉलिन यांनी काम पुन्हा हाती घेतले, ओळ न् ओळ तपासली, आणि मे २०२४ च्या अखेरीस चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली.