संरक्षण सहकार्य, आंतरराष्ट्रीय

दोन किंवा अधिक राष्ट्रांनी आपल्या सुरक्षिततेसाठी लागणारे शास्त्रीय व तांत्रिक संशोधन, युद्धसामग्रीची खरेदी वा उत्पादन आणि सेनाधिकाऱ्यांचे शिक्षण या बाबतींत करारान्वये परस्परांना केलेल्या साहाय्यास आंतरराष्ट्रीय संरक्षण सहकार्य म्हणतात. लष्करी युती व संरक्षण सहकार्य या दोन भिन्न गोष्टी होत. युतीमध्ये एका राष्ट्रावर आक्रमण झाल्यास दुसऱ्याने त्याच्या मदतीस जाण्याचे बंधन असते. सहकार्यात तसे बंधन असतेच असे नाही. भारत कोणत्याही लष्करी गटात सामील झाला नाही. तथापि ब्रिटन, सोव्हिएट संघ (पुढे रशिया), फ्रान्स, जर्मनी, इझ्राएल व अमेरिका यांच्याशी त्याचे या क्षेत्रातील संबंध दीर्घकालीन आहेत.

अशा सहकार्याची मुख्य कारणे तीन आहेत. आधुनिक लढाऊ विमान किंवा पाणबुडी यांच्या विकासाचा खर्च एका मध्यम राष्ट्राच्या आवाक्याबाहेर जातो. तो वाटून घेतल्यास व उत्पादनाची संख्या वाढविल्यास दर नगाची किंमत कमी होईल, अशी अपेक्षा असते. दुसरे, एकत्र लढणाऱ्या सेनांचा दारूगोळा, इंधन व संदेशवहनाची साधने परस्परांना चालणे आवश्यक असते. तिसरे, ज्या राष्ट्राजवळ विशिष्ट ज्ञान नाही, त्यास ते मिळविण्याचा हा एक मार्ग असतो. याउलट, संरक्षण हा सार्वभौमत्वाचा गाभा असल्याने कोणतेही राष्ट्र आपले सर्वांत मौल्यवान ज्ञान सहजासहजी दुसऱ्याच्या स्वाधीन करीत नाही. या दोन प्रवृत्तींच्या ताणातूनच या विषयाचा इतिहास घडलेला आहे.

संशोधन : संशोधनातील सहकार्याचे अभिजात उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) होय. फ्रान्सच्या पाडावानंतर एकाकी पडलेल्या ब्रिटनने १९४० च्या उत्तरार्धात सर हेन्‍री टिझर्ड यांच्या नेतृत्वाखाली एक शास्त्रीय मंडळ अमेरिकेस पाठविले. त्या वेळी अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती. मंडळाने आपल्याबरोबर नेलेल्या गुपितांत बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल व हॅरी बूट यांनी तयार केलेले कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन हे उपकरण होते. त्यामुळे विमानात बसू शकेल असे सूक्ष्मतरंगांवर चालणारे रडार शक्य झाले. ब्रिटनजवळ कल्पना होती, परंतु मोठ्या प्रमाणावर उत्पादनाची शक्ती नव्हती. अमेरिकेची स्थिती नेमकी उलट होती. याच देवघेवीतून मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे रडार संशोधनाची मोठी प्रयोगशाळा उभी राहिली.

तथापि असे सहकार्य राजकीय परिस्थितीवर किती अवलंबून असते, हेही याच दोन राष्ट्रांच्या उदाहरणावरून दिसते. अणुबाँबच्या संशोधनासंबंधी ऑगस्ट १९४३ मध्ये क्वेबेक येथे उभयतांत करार झाला व ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेतील प्रकल्पात सहभागी झाले. परंतु युद्ध संपताच अमेरिकेने १९४६ च्या मॅकमहोन अधिनियमान्वये अणुविषयक माहिती इतर राष्ट्रांना देण्यावर बंदी घातली. ब्रिटनने स्वतःच्या प्रयत्नाने १९५२ मध्ये अणुबाँबची व १९५७ मध्ये ऊष्मीय अण्वस्त्राची चाचणी केली. त्यानंतरच, १९५८ च्या परस्पर संरक्षण कराराने, हे दार पुन्हा उघडले. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे, त्यालाच संशोधनात खरे सहकार्य मिळते, असा याचा अर्थ होय.

उत्तर अटलांटिक करार संघटनेने (नाटो, स्थापना १९४९) संशोधनाला संस्थात्मक रूप दिले. थिओडोर फोन कार्मान या वायुगतिकीतज्ञाच्या पुढाकाराने १९५२ मध्ये वैमानिकीय संशोधनासाठी एक सल्लागार गट स्थापन झाला आणि १९५९ मध्ये इटलीतील ला स्पेत्स्या येथे पाणबुडीविरोधी युद्धतंत्राचे संशोधनकेंद्र निघाले. यूरोपीय संघाने २००४ मध्ये यूरोपीय संरक्षण अभिकरण स्थापन केले आणि २०२१–२७ या कालावधीसाठी सु. ८ अब्ज यूरोंचा संरक्षण निधी निर्माण केला. संघाच्या सामाईक अर्थसंकल्पातून संरक्षण संशोधनावर एवढी मोठी रक्कम खर्च करण्याची ही पहिलीच वेळ होती.

खरेदी व उत्पादन : यात सामान्यतः चार प्रकार आढळतात : (१) तयार सामग्रीची सरळ खरेदी, (२) परवाना घेऊन देशात उत्पादन, (३) संयुक्त विकास व उत्पादन, आणि (४) सामग्रीचे प्रमाणीकरण. प्रमाणीकरण हा वरवर गौण दिसणारा, पण अत्यंत उपयुक्त प्रकार होय. नाटोच्या सभासद राष्ट्रांनी १९५० नंतरच्या दशकात ७·६२ मिमी.चे व १९८० मध्ये ५·५६ मिमी.चे काडतूस मान्य केले. त्यामुळे बंदुका निरनिराळ्या असूनही एका सेनेचा दारूगोळा दुसरीस वापरता येऊ लागला.

संयुक्त विकासाची मोठी उदाहरणे पश्चिम यूरोपातील आहेत. ब्रिटन, पश्चिम जर्मनी व इटली यांनी १९६९ मध्ये ‘पॅनाव्हिया’ ही संयुक्त कंपनी स्थापून टॉर्नेडो हे लढाऊ विमान तयार केले. १९७४ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. त्याच्या सांगाड्याचा पुढील व मागील भाग ब्रिटनमध्ये, मध्यभाग जर्मनीत व पंख इटलीत तयार होत. मात्र विमानाची अंतिम जुळणी तिन्ही देशांत स्वतंत्रपणे होई. पुढील यूरोफायटर विमानाच्या बाबतीत स्पेनची भर पडून जुळणीची केंद्रे चार झाली. फ्रान्स १९८५ मध्ये या प्रकल्पातून बाहेर पडला व त्याने राफाल हे स्वतःचे विमान तयार केले.

अशा प्रकल्पांत ‘न्याय्य परतावा’ हे तत्त्व प्रचलित होते. एखादे राष्ट्र जेवढा पैसा देईल, तेवढ्या किंमतीचे काम त्याच्या कारखान्यांना मिळालेच पाहिजे, असा त्याचा आशय. त्यामुळे काम सर्वांत कुशल कारखान्याकडे न जाता वाट्याप्रमाणे विभागले जाते, यंत्रसामग्री अनेक ठिकाणी उभारावी लागते आणि प्रत्येक निर्णयास सर्वांची संमती लागते. परिणामी प्रत्येकाचा वाटा एकट्याने केलेल्या खर्चाहून कमी असला, तरी प्रकल्पाचा एकूण खर्च व कालावधी वाढतो. हा दोष दूर करण्यासाठी फ्रान्स, जर्मनी, इटली व ब्रिटन यांनी १९९६ मध्ये शस्त्रास्त्र सहकार्याची एक संयुक्त संघटना स्थापिली. तिच्या नियमांनुसार कामाचा समतोल प्रत्येक प्रकल्पात न पाहता अनेक प्रकल्प व अनेक वर्षे मिळून पाहिला जातो.

सहभागी राष्ट्रांच्या धोरणांत विरोध आल्यास कराराची परिणती वगळण्यात वा माघारीतही होते. अमेरिकेच्या नेतृत्वाखालील एफ-३५ विमानाच्या प्रकल्पात तुर्कस्तान भागीदार होते व त्याचे कारखाने सुटे भागही तयार करीत. परंतु त्याने रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्यामुळे अमेरिकेने जुलै २०१९ मध्ये त्यास प्रकल्पातून वगळले. ऑस्ट्रेलियाने फ्रान्सकडून पाणबुड्या घेण्याचा निर्णय २०२१ मध्ये रद्द करून अमेरिका व ब्रिटन यांच्याशी आण्विक पाणबुड्यांसाठी करार केला.

भारताचा अनुभव : परवाना-उत्पादन हा भारताने सर्वाधिक वापरलेला मार्ग. सोव्हिएट संघाशी १९६२ मध्ये झालेल्या करारानंतर मिग-२१ विमानांच्या उत्पादनासाठी नासिकजवळ ओझर येथे सांगाड्याचा, ओरिसातील (आता ओडिशा) कोरापुट येथे एंजिनाचा व हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनीय उपकरणांचा कारखाना उभारण्यात आला. पुढे ओझर येथेच सुखोई-३० एमकेआय विमानांचे उत्पादन झाले. परवान्याने उत्पादनाची कृती मिळते. पण विशिष्ट भाग असाच का केला, हे अभिकल्पामागील (आराखड्यामागील) ज्ञान मिळत नाही. त्यामुळे मूळ वस्तूत सुधारणा करण्यासाठी पुन्हा मूळ उत्पादकाकडेच जावे लागते.

हा फरक मुंबईच्या माझगाव गोदीतील दोन प्रयत्नांवरून विशेष स्पष्ट होतो. ब्रिटिश लिअँडर वर्गाच्या अभिकल्पावरून तेथे बांधलेली ‘निलगिरी’ ही पहिली फ्रिगेट १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. या मालिकेत एकूण सहा नौका बांधण्यात आल्या. नौदलाजवळ स्वतःचे अभिकल्पकार होते. त्यांनी पुढील नौकांत क्रमाक्रमाने बदल केले व त्याच अनुभवावर भारतीय अभिकल्पाची ‘गोदावरी’ ही मोठी फ्रिगेट १९८३ मध्ये साकारली. याउलट, पश्चिम जर्मनीशी १९८१ मध्ये झालेल्या करारानुसार चार पाणबुड्यांपैकी दोन जर्मनीत व दोन माझगाव गोदीत बांधावयाच्या होत्या. ‘शल्की’ (१९९२) व ‘शंकुल’ (१९९४) या गोदीने बांधून पूर्णही केल्या. परंतु व्यवहाराविषयी गैरप्रकारांचे आरोप झाल्याने पुढील मागणी दिली गेली नाही. पाणबुडीच्या दाबसह कवचाचे जोडकाम (वेल्डिंग) हे अत्यंत नाजूक कौशल्य असून ते पुस्तकात नव्हे, तर कारागिरांच्या हातात टिकून राहते. कामच न राहिल्याने हे कारागीर व अभियंते पांगले. फ्रान्सशी २००५ मध्ये सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला, तेव्हा बरेचसे पुन्हा शिकावे लागले. त्यांपैकी पहिली, ‘कलवरी’, डिसेंबर २०१७ मध्ये व सहावी, ‘वागशीर’, जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. दोन्ही ठिकाणी गोदी एकच होती. भेद पडला तो कामातील सातत्याने व स्वतःच्या अभिकल्पकारांच्या उपस्थितीने.

संयुक्त विकासात ‘ब्राह्मोस’ हे क्षेपणास्त्र यशस्वी उदाहरण मानले जाते. भारत व रशिया यांच्यात फेब्रुवारी १९९८ मध्ये करार होऊन जून २००१ मध्ये त्याची पहिली चाचणी झाली. ब्रह्मपुत्रा व मॉस्क्वा या नद्यांच्या नावांवरून हे नाव सिद्ध झाले. फिलिपीन्सने २०२२ मध्ये ते विकत घेण्याचा करार केला. मात्र रशियाबरोबरच पाचव्या पिढीचे लढाऊ विमान विकसित करण्याच्या प्रकल्पातून भारत २०१८ मध्ये बाहेर पडला. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांमुळे तेजस या हलक्या लढाऊ विमानाच्या उड्डाणनियंत्रण प्रणालीसाठी मिळणारे अमेरिकन कंपनीचे साहाय्य थांबले. भारतीय अभियंत्यांनी ते काम स्वबळावर पूर्ण केले व जानेवारी २००१ मध्ये विमानाचे पहिले उड्डाण झाले. त्यास विलंब लागला, परंतु ते ज्ञान देशातच राहिले.

शिक्षण : सेनाधिकाऱ्यांचे शिक्षण हा सहकार्याचा सर्वांत कमी खर्चाचा व दीर्घकाळ परिणाम करणारा भाग होय. नाटोचे संरक्षण महाविद्यालय १९५१ मध्ये पॅरिस येथे निघाले व १९६६ मध्ये रोम येथे हलविण्यात आले. भारतीय उपखंडातील स्टाफ कॉलेजचा प्रारंभ १९०५ मध्ये नासिकजवळील देवळाली येथे झाला. १९०७ मध्ये ते क्वेट्टा येथे गेले आणि फाळणीनंतर त्याचा भारतीय भाग तमिळनाडूतील वेलिंग्टन येथे स्थिरावला. या महाविद्यालयात, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संरक्षण महाविद्यालयात (स्थापना १९६०) आणि पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मित्रराष्ट्रांचे अधिकारी व छात्र शिक्षण घेतात. प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीचे ‘सूदान ब्लॉक’ हे नाव, दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सूदानने दिलेल्या देणगीचे स्मारक आहे. भूतानच्या सैन्याच्या प्रशिक्षणासाठी १९६२ पासून भारतीय पथक तेथे कार्य करीत आहे.

शिक्षणाने मैत्री दृढ होते. परंतु ती युद्ध टाळतेच असे नाही. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी ॲकॅडेमीच्या १९३२ मधील पहिल्या तुकडीतून सॅम माणेकशा, महंमद मूसा व स्मिथ डन हे पुढे अनुक्रमे भारत, पाकिस्तान व ब्रह्मदेश यांचे सेनाप्रमुख झाले. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात पाकिस्तानी सेनेचे प्रमुख मूसा हेच होते. प्रशिक्षण देणाऱ्या राष्ट्रावर नैतिक जबाबदारीही येते. अमेरिकेने १९४६ मध्ये पनामा येथे काढलेल्या लष्करी शाळेतील काही लॅटिन अमेरिकन अधिकारी पुढे आपापल्या देशांत लष्करी हुकूमशाहीचे सूत्रधार ठरले व त्यावरून त्या शाळेवर तीव्र टीका झाली.

मूल्यमापन : तिन्ही क्षेत्रांचा एकत्र विचार केल्यास असे दिसते, की खरेदीत वस्तू मिळते, परवान्यात कृती मिळते व संयुक्त संशोधनात त्यामागील ज्ञान मिळते, मात्र ते ग्रहण करणारे प्रशिक्षित मनुष्यबळ अगोदरपासून असावे लागते. म्हणूनच सहकार्य हे स्वदेशी संशोधनास पर्याय नसून पूरक होय. ज्या राष्ट्राजवळ स्वतःच्या प्रयोगशाळा व अभिकल्पकार आहेत, त्यास सहकार्याचा लाभ अधिक होतो व करार मोडल्यास हानी कमी होते. एखाद्या कराराचे खरे मोल त्यान्वये मिळालेल्या सामग्रीच्या संख्येवरून नव्हे, तर करार संपल्यानंतर देशात मागे राहिलेल्या ज्ञानावरून व ते जाणणाऱ्या माणसांवरून ठरते.