गाळाच्या जमिनीवरचा जपान

जपान क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या साधारण सव्वापट, सुमारे ३ लाख ७८ हजार चौरस किलोमीटर. पण त्यातला जवळपास तीन-चतुर्थांश भाग डोंगराळ आणि दोन-तृतीयांश जमीन आजही जंगलाखाली. आखूड, वेगवान नद्यांनी समुद्रकाठी गाळ आणून टाकला, तीच काय ती मोठी मैदाने. म्हणून तोक्यो आणि शेजारच्या कानागावा, साइतामा, चिबा या प्रांतांत मिळून देशाच्या ४ टक्क्यांहून कमी भूमीवर सुमारे ३० टक्के जपानी राहतात. ज्या पाण्याने ही जमीन दिली, ते पाणी तिच्यावर पुन्हा पुन्हा हक्क सांगायला येते. जपानी वस्तीचा इतिहास मला या व्यवहाराचा इतिहास वाटतो.

नागोयाजवळचे नोबी मैदान पाहा. किसो, नागारा आणि इबी या तीन नद्या इथे शेजारी शेजारी समुद्राकडे जातात. पुराने काठावर साचवलेल्या उंचवट्यांवर घरे आणि त्यामागच्या सखल भागात भातखाचरे, अशी जुनी रीत. पुढे गावांनी चहूबाजूंनी बांध घातले. अशा बंदिस्त गावाला ‘वाजू’ म्हणतात. एका वाजूने बांध उंच केला की पाणी शेजारच्या वाजूवर जाई, त्यामुळे भांडणेही जुनीच. ऐपतदार माणूस अंगणात दगडी जोत्यावर उंच कोठी बांधी. तिला ‘मिझुया’ म्हणत. त्यात तांदूळ, मिसो, अंथरूण-पांघरूण. घराच्या छताखाली टांगलेली होडी. ज्यांना हे परवडत नसे त्यांच्यासाठी गावाचा सामायिक उंचवटा असे. पुरातही माणसाची पत दिसत होती, हे विसरून चालणार नाही.

मेइजी काळात (१८६८–१९१२) डच अभियंता योहानिस द रैके याच्या आराखड्यानुसार या नद्या एकमेकींपासून वेगळ्या केल्या गेल्या. पूर कमी झाले, तशी भरवशाने वस्ती आणखी खाली सरकली. २६ सप्टेंबर १९५९ रोजी आलेल्या वादळात इसे उपसागरातून समुद्र आत घुसला. नागोया बंदरातले लाकडाचे ओंडके घरांवर येऊन आदळले. मृत आणि बेपत्ता मिळून ५ हजारांहून अधिक.

ईशान्येच्या सान्रिकू किनाऱ्यावर तर मैदानही नाही. डोंगराच्या कुशीत चिंचोळ्या खाड्या आणि मासेमारी. तिथल्या आनेयोशी गावात १८९६ आणि १९३३ च्या त्सुनामींतून मोजकीच माणसे वाचली. त्यांनी चढावर शिळा उभारली: हिच्या खाली घर बांधू नका. गावाने ते पाळले. २०११ ची लाट शिळेच्या खालीच थांबली. जवळच्या तारो गावाने मात्र १० मीटर उंच भिंत बांधून तिच्या आड घरे वाढवली होती. लाट भिंतीवरून आली.

भिंती नकोत असे मी म्हणणार नाही. समुद्र सोडून कोळी जाणार कुठे? पण भिंतीमुळे जमिनीची उंची बदलत नाही. निदान आता ते लपवता येत नाही: ऑगस्ट २०२० पासून जपानमध्ये घर विकताना किंवा भाड्याने देताना, ते पूरनकाशावर नेमके कुठे येते हे करारापूर्वी ग्राहकाला सांगणे दलालावर बंधनकारक आहे.