चाळिशीत पहिली कोडिंगची नोकरी: भरतीची चाळणी कशी चालते

पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या वाहनभाग कारखान्यात गुणवत्ता विभागात सोळा वर्षं काढलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. नोकरी करता करता त्याने मुक्त विद्यापीठातून एम.सी.ए. केलं. मग कारखान्याने माणसं कमी केली, त्यात त्याचं नाव आलं. आता त्याला सॉफ्टवेअर डेव्हलपरचं काम हवं आहे. तो पन्नास ठिकाणी अर्ज टाकतो आणि कुठूनही साधा नकारसुद्धा येत नाही. आपण नालायक आहोत असं त्याला वाटू लागतं. बहुतेक वेळा खरं कारण वेगळं असतं: त्याचा अर्ज कोणी उघडलेलाच नसतो. असं का होतं, हे नीट समजून घेतलं तर बराच मनस्ताप वाचतो.

पण आधी जुन्या नोकरीची कागदपत्रं, कारण नव्या नोकरीची पडताळणी तिथूनच सुरू होते. कंपनी अनेकदा ‘राजीनामा द्या’ असं सुचवते. सही करण्यापूर्वी थांबा. कायद्याच्या व्याख्येत तुम्ही ‘कामगार’ असाल, तर कामगारकपातीत सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई मिळते, आणि स्वखुशीचा राजीनामा दिला की तो हक्क सुटतो. तुम्ही त्या व्याख्येत येता की नाही हे कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा. पाच वर्षं सलग नोकरी झालेल्यांची ग्रॅच्युइटी मात्र राजीनाम्यानेही जात नाही. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि फॉर्म १६ हातात घ्या. पीएफच्या पोर्टलवर कंपनीने तुमची नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना, हे स्वतः पाहा. ती भरलेली नसेल तर पडताळणी करणाऱ्या संस्थेला तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करताय असं दिसू शकतं. शेवटचा पीएफ भरून दोन महिने झाले की ती तारीख स्वतःलाही भरता येते.

आता चाळणीकडे येऊ. पुण्यात हिंजवडी-खराडीतल्या मोठ्या आयटी सेवा कंपन्या नवख्यांची भरती मुख्यतः कॉलेजांतून करतात. त्यांच्या जाहिरातींत ‘उत्तीर्ण होण्याचं वर्ष’ ठरलेलं असतं, दहावीपासून पदवीपर्यंत सरसकट साठ टक्के मागितलेले असतात आणि शिक्षणातला खंड एक-दोन वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे एम.सी.ए. यंदाचं असलं तरी आपला माणूस इथेच गळतो.

मग तो नोकरीच्या संकेतस्थळावर प्रोफाइल टाकतो. तिथे भरती करणारा माणूस काय करतो ते पाहा. तो शोधखिडकीत ‘जावा’, ‘स्प्रिंग बूट’ असे शब्द टाकतो, अनुभव ‘० ते ३ वर्षं’ निवडतो, शहर निवडतो, पगाराची मर्यादा घालतो. आपल्या माणसाच्या प्रोफाइलवर अनुभव ‘१६ वर्षं’ लिहिलेला. यादीत त्याचं नाव येणारच नाही. उलट कोणी ‘१२ ते १८ वर्षं’ शोधलं तर नाव येतं, पण त्या जागेला अनुभवी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट हवा असतो. दोन्हीकडून तो निसटतो, आणि त्यात त्याच्या कोडचा दर्जा कोणी पाहिलेलाच नसतो. त्याला याचा राग येणं रास्त आहे. आपल्याकडे खासगी नोकरीत वयावरून डावलण्याला आळा घालणारा सर्वसाधारण कायदा नाही, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

ही चाळणी टाळून जाण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ओळखीच्या माणसाकडून जाणारा अर्ज, म्हणजेच रेफरल. बहुतेक कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेला बायोडेटा वेगळ्या रांगेत जातो आणि तो कोणीतरी वाचतो. पुरवठादाराकडचा इंजिनिअर, कारखान्यात सॅप बसवायला आलेली टीम, दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून आयटीत गेलेला सहकारी, अशी माणसं कारखान्यात राहिलेल्याकडे भरपूर असतात. आपल्याकडे नोकरी गेल्याचं लपवण्याची सवय आहे. ती इथे सर्वांत महाग पडते. फोन करा, काय शोधताय ते एका वाक्यात सांगा, आणि सोबत बायोडेटा पाठवा.

ते एक वाक्य कोणतं असावं? ‘कोणतंही डेव्हलपमेंटचं काम चालेल’ हे वाक्य कोणाच्याही कामाचं नाही. पुण्याचं वैशिष्ट्य असं, की इथे कारखाने आणि त्यांच्यासाठी लिहिलं जाणारं सॉफ्टवेअर एकाच शहरात आहे. केपीआयटी वाहनांसाठी सॉफ्टवेअर करते. टाटा टेक्नॉलॉजीज, पीटीसी, सीमेन्स, दासो यांची अभियांत्रिकी सॉफ्टवेअरची कामं इथे चालतात. जॉन डिअर, ईटन यांची तंत्रज्ञान केंद्रंही इथेच आहेत. शिवाय भोसरी-चाकणमध्ये, तिकडे नाशिकला अंबड-सातपूरमध्ये पीएलसी आणि स्काडाची, म्हणजे यंत्रांच्या नियंत्रणाची, कामं करणाऱ्या लहान फर्म आहेत. तिथे मालक स्वतः मुलाखत घेतो आणि उत्तीर्ण होण्याचं वर्ष सहसा विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिली नोकरी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या अशा ठिकाणी शोधावी, आणि फोनवरच्या वाक्यात तेच सांगावं. ‘रिजेक्शन का वाढलं’ हे ज्याने सोळा वर्षं शोधलं, त्याला उत्पादनाच्या सॉफ्टवेअरमधली गरज समजावून सांगावी लागत नाही.

पण नुसता अनुभव पुरत नाही, कोड दाखवावा लागतो. इथे वेळ घाला. टू-डू लिस्ट किंवा जेवण मागवण्याचं ॲप करू नका; ते हजारो विद्यार्थी करतात. मोजमापाच्या उपकरणांच्या कॅलिब्रेशनची नोंद ठेवणारी, तारीख जवळ आली की सूचना देणारी प्रणाली करा. किंवा मशीनवरून आलेल्या मापांचे कंट्रोल चार्ट काढून सीपीके, म्हणजे प्रक्रियेची क्षमता, मोजणारी. मागे पोस्टग्रेस, मध्ये पायथन किंवा जावा, पुढे साधा वेब पडदा. टेस्ट लिहा. गिटहबवर कोड थोडा थोडा चढवत जा, म्हणजे काम कसं वाढत गेलं ते पाहणाऱ्याला दिसतं. रीडमीमध्ये पहिल्या परिच्छेदात अडचण काय होती ते लिहा, मग उपाय. जुन्या कंपनीची खरी माहिती चुकूनही वापरू नका. नमुन्याचे आकडे स्वतः तयार करा.

बायोडेटा दोन पानांचा. वर कौशल्यं आणि प्रकल्प, खाली कारखान्याची वर्षं चार-पाच ओळींत. अपेक्षित पगार आणि ‘लगेच रुजू होऊ शकतो’ हे सुरुवातीलाच लिहा. आयटीत तीन-तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडमुळे जागा अडून राहतात, त्यामुळे तुमची ही मोकळीक तुमच्या बाजूने मोजली जाते. पगाराबद्दल घरात आधी बोलून घ्या, कारण नवख्याचा पगार जुन्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो.

ऑनलाइन चाचणीत ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप आणि एसक्यूएलचे जॉइन विचारतात. रोज तासभर सराव केला तर काही महिन्यांत हात बसतो. मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान टीम लीड चालेल का?’ त्यावर भाषण देऊ नये. ‘हो, आणि मला कोड रिव्ह्यू कडक हवाय’ एवढं पुरतं.

एक धोका मात्र मोठा आहे. काही क्लासवाले पैसे घेऊन तीन वर्षांच्या अनुभवाचं खोटं पत्र देतात. पीएफची नोंद आणि फॉर्म १६ तपासले की ते उघडं पडतं, मिळालेली नोकरी जाते आणि सोळा वर्षांचं खरं नावही जातं. नोकरीसाठी अनामत मागणाऱ्यालाही तिथेच नमस्कार करा.

आणि भरती करणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या जाहिरातीतली ‘उत्तीर्ण होण्याचं वर्ष’ ही अट एकदा काढून पाहा. चाचणी तीच ठेवा, मुलाखतही तशीच कडक घ्या. फक्त या माणसांना चाचणीपर्यंत पोहोचू द्या.