खुडूक कोंबडी

अंडी देणे थांबवून ती उबवण्यासाठी घरट्यात ठाण मांडून बसलेल्या कोंबडीस खुडूक कोंबडी असे म्हणतात. तिच्याखाली अंडी ठेवण्यास ग्रामीण बोलीत 'रवणीला बसवणे' असा शब्दप्रयोग आहे. खुडूकपणा हा रोग नसून मादीची नैसर्गिक प्रजननावस्था आहे. परसातील कुक्कुटपालनात तो लाभाचा ठरेल की तोट्याचा, हे पालकाला पिल्ले हवी आहेत की अंडी यावर अवलंबून असते. हा निर्णय पहिल्या दोन-तीन दिवसांत घेणे इष्ट असते. तो लांबल्यास कोंबडी रिकाम्या घरट्यात आठवडेच्या आठवडे बसून खंगत जाते.

लक्षणे

खुडूक कोंबडी रात्रीही बैठकीच्या दांडीवर न जाता घरट्यातच राहते. हात जवळ नेताच पिसे फुलवते, चोच मारते आणि विशिष्ट घोगरा आवाज काढते. पोटावरील पिसे गळून किंवा उपटली जाऊन तेथील त्वचा उघडी पडते व तिच्यातील रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे शरीराची उष्णता अंड्यांना थेट मिळते. तुरा फिका पडतो. खाणेपिणे घटते, दिवसातून एखाद्या वेळी ती खाली उतरते, घाईने दाणे टिपते, पाणी पिते आणि एकदम मोठी, दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकून परत जाते. केवळ घरट्यात बराच वेळ बसलेली कोंबडी खुडूक असतेच असे नाही. आजारी कोंबडीही कोपरा धरून बसते, परंतु ती उचलल्यास प्रतिकार करत नाही.

कारणे

मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे स्रवण वाढल्याने ही अवस्था येते. प्रोलॅक्टिन वाढले की अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके कमी होतात, अंडाशय आक्रसते आणि अंडी देणे थांबते. लांबणारा दिवस, उबदार हवा, अंधारे घरटे आणि त्यात साठलेली अंडी यांमुळे तिला चालना मिळते. पोटाच्या उघड्या त्वचेला अंड्यांचा स्पर्श होत राहिला की प्रोलॅक्टिन चढे राहते. खुडूक मोडण्याचे बहुतेक परिणामकारक उपाय हा स्पर्श व ऊब तोडण्यावरच बेतलेले आहेत. अंडी फलित आहेत की नाहीत हे कोंबडीला कळत नाही; कोंबडा नसलेल्या कळपातील मादीही तितक्याच निष्ठेने बसते.

जातीनुसार फरक

हा गुण आनुवंशिक आहे. व्हाइट लेगहॉर्न आणि तिच्यापासून तयार झालेल्या व्यापारी वाणांतून निवडीद्वारे तो जवळजवळ नाहीसा करण्यात आला. अंडी उबवण्याचे काम यंत्राने हाती घेतल्यावर खुडूकपणा हा निव्वळ तोटा ठरला. देशी कोंबडी आणि असील यांच्यात तो ठळकपणे टिकून आहे. परसासाठी विकसित केलेले गिरिराज (बंगळूर) व वनराज (हैदराबाद) हे वाण सहसा खुडूक होत नाहीत. परिणामी, ते पाळणाऱ्यास पुढची पिढी उबवणी केंद्रातून विकत आणावी लागते किंवा शेजारच्या एखाद्या देशी कोंबडीचा आधार घ्यावा लागतो.

देशी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. या अल्प संख्येचा दोष बहुधा तिच्या कुवतीला दिला जातो, पण खरा हिशेब वेळेचा आहे. १२ ते १५ अंडी घालण्यात दोन ते तीन आठवडे, उबवण्यात तीन आणि पिल्ले सांभाळण्यात आठ ते दहा आठवडे जातात. म्हणजे एक फेरा सुमारे साडेतीन महिन्यांचा होतो आणि वर्षात जेमतेम तीन-चार फेरे बसतात. पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाल्यावर वेगळी करून त्यांना ऊब व खाद्य स्वतंत्रपणे दिल्यास आई लवकर अंड्यावर येते. हा उपाय वाण बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त असूनही कमी वापरला जातो.

रवणीला बसवणे

कोंबडी खुडूक झाल्याची खात्री पटेपर्यंत तिच्याखाली मातीची किंवा प्लॅस्टिकची खोटी अंडी ठेवतात. उबवण्यासाठीची अंडी कोंबडा असलेल्या कळपातील, मध्यम आकाराची, न धुतलेली आणि एका आठवड्याच्या आतली असावीत. उन्हाळ्यात ही मुदत तीन-चार दिवसांची धरणे योग्य. मध्यम देशी कोंबडीखाली १० ते १२ अंडी मावतात. ती सर्व एकाच रात्री ठेवावीत आणि त्यांवर पेन्सिलीने खूण करावी, कारण कळपातील इतर कोंबड्या त्याच घरट्यात नवी अंडी घालतात.

घरट्यासाठी पाटी किंवा खोके, तळाशी माती व राख आणि वर कोरडे गवत किंवा भाताचे तूस पुरते. दाणे व पाणी जवळ, पण घरट्याबाहेर ठेवावे. ती स्वतःहून उतरत नसल्यास दिवसातून एकदा उतरवावे. राखमातीत लोळण्याची सोय दिल्यास उवा व पिसवांचा त्रास कमी होतो. या परजीवींमुळे कोंबडी अंडी अर्धवट टाकून उठते. सातव्या दिवशी अंधारात विजेरीच्या उजेडापुढे अंडे धरल्यास रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. स्वच्छ, रिकामी दिसणारी अंडी काढून टाकतात. शेवटचे तीन दिवस अंडी हाताळू नयेत. पिल्ले २१व्या दिवसाच्या सुमारास बाहेर येतात. बदकाच्या अंड्यांना सुमारे २८ दिवस लागतात आणि कोंबडी तेवढेही बसते. पिल्लांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मानमोडीची (राणीखेत) लस पहिल्या आठवड्यात देतात. आईच्या पंखाखाली असली तरी ही लस टाळता येत नाही.

खुडूक मोडणे

पिल्ले नको असल्यास अंडी दिवसातून दोनदा उचलावीत आणि घरटे बंद करावे. तेवढ्याने न भागल्यास कोंबडीला जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून वर टांगलेल्या उजेडातील पिंजऱ्यात ठेवावे. पिंजऱ्यात गवत नसावे. दाणे व पाणी भरपूर असावे. पोटाखालून हवा खेळती राहिल्याने ऊब तुटते आणि बहुधा तीन ते पाच दिवसांत ती उठते. सोडल्यावर ती पुन्हा घरट्याकडे धावली तर आणखी दोन दिवस ठेवावे लागते. अंडी पुन्हा सुरू होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी उपाय केलेली कोंबडी आठवडाभर बसलेलीपेक्षा लवकर सावरते.

ग्रामीण भागात कोंबडीला थंड पाण्यात बुडवणे, नाकपुडीतून पीस आरपार घालणे, पाय बांधून ठेवणे किंवा उपाशी ठेवणे असे उपाय चालत आले आहेत. पाण्याने पोट तात्पुरते गार होते. पिसाने केवळ इजा व संसर्ग होतो. आधीच वजन घटलेल्या पक्ष्याला उपाशी ठेवणे तर सर्वस्वी उलटे आहे. प्राण्यास अनावश्यक वेदना देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे.

शहरी परसात

पुण्याच्या नैर्ऋत्येकडील वारजे हे मुठा नदीकाठचे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. गावठाण आणि नव्या सोसायट्या शेजारी-शेजारी असलेल्या अशा उपनगरांत खुडूक कोंबडीचा प्रश्न वेगळे रूप घेतो. आरवण्यामुळे शेजारी तक्रार करतात म्हणून कोंबडा ठेवला जात नाही, त्यामुळे घरची अंडी अफलित असतात. येथे तीन मार्ग उरतात: खुडूक मोडणे, बाहेरून फलित अंडी आणणे किंवा एक दिवसाची पिल्ले दत्तक देणे. पुण्यात खडकी येथे राज्य शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे.

दत्तक देण्यासाठी कोंबडी किमान दोन आठवडे बसलेली असावी. अंधार पडल्यावर खोटी अंडी काढून पिल्ले एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवतात आणि पहाटे लक्ष ठेवतात. तिने चोच मारल्यास पिल्ले लगेच काढून दिव्याच्या उबेत ठेवावी लागतात, म्हणून दिव्याची सोय आधीच करून ठेवतात. आठ-दहा पिल्लांपुरते पाहता खुडूक कोंबडी ही विजेच्या दिव्यापेक्षा सरस दाई होय. वीज गेली तरी तिची ऊब जात नाही.

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या खुराड्यात अंडी खराब होतात आणि कोंबडीही दगावू शकते. पावसाळ्यात ओल व बुरशीचा उपद्रव होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ रवणीस सोयीचा असतो. जमिनीलगत बसलेल्या कोंबडीला मांजर, मुंगूस, घूस व साप यांचा धोका असल्याने खुराड्याची जाळी बारीक असावी आणि तिची खालची कड जमिनीत गाडलेली असावी. कोंबडीच्या जाळीची मोठी भोके घुशीच्या पिल्लाला किंवा धामणीला अडवत नाहीत.