चिठ्ठी, गाळा आणि गोण्या

संगणकावर बोलायला हा युनियनवाला कशाला उभा राहिला, असे काहींच्या मनात आले असेल. ते रास्तच आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे रात्री, जुन्या पुस्तकांवर. परंतु आजचा विषय मला उमगला तो वाशीच्या बाजारातल्या माथाडी बंधूंमुळे.

प्रोग्राम लिहिण्याच्या बेसिक, पास्कल, सी या वरच्या भाषा माणसाच्या सोयीच्या. असेंब्ली ही यंत्राला लागून असलेली. वेग हवा तेथे वरच्या भाषेतून असेंब्लीतल्या छोट्या रूटीनला काम सांगतात. त्याला एखादा आकडा देणे सोपे. पण नाव, म्हणजे अक्षरांची माळ, द्यायची कशी? बाजारात पन्नास गोण्या कोणी कोणाच्या हातात देत नाही. चिठ्ठी देतात: अमुक गाळा, इतक्या गोण्या. येथेही तसेच.

सी भाषा फक्त गाळा सांगते. शून्य सापडेपर्यंत उचलत जायचे. ते शून्य राहून गेले, की गडी शेजाऱ्याचा माल उचलतो! टर्बो पास्कल पहिल्याच बाइटात संख्या लिहीत असे, म्हणून माळ 255 च्या पुढे जात नसे. क्विकबेसिक 4.5 मध्ये चार बाइटांची खरीखुरी चिठ्ठी होती: दोन बाइट लांबीचे, दोन पत्त्याचे. असेंब्लीला मिळे तो या चिठ्ठीचा पत्ता, मालाचा नव्हे.

येथेच मी फसलो. 1996 साली ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका बंद कारखान्याच्या कामगारांच्या देण्यांची यादी मी बेसिकमध्ये केली आणि नावे लावण्यासाठी असेंब्लीचे रूटीन लिहिले. प्रथम चिठ्ठीलाच माल समजलो. पडद्यावर कचरा आला. ती चूक बरी, कारण ती दिसते. दुसरी दिसली नाही. रूटीन एकदा टिपलेला पत्ता पुन्हा पुन्हा वापरी. बेसिक मात्र जागा अपुरी पडली की माळा सरकवून घेई आणि चिठ्ठीवर नवा पत्ता लिही. माझ्याजवळ जुनाच! छापील यादीत एका विधवेच्या रकमेपुढे भलत्याच कामगाराचे नाव आले. बाई तीन दिवस हेलपाटे घालीत होत्या आणि मी त्यांनाच विचारीत होतो, "कागद नीट आणलेत ना?" पुढे प्रत्येक खेपेस चिठ्ठी नव्याने वाचायची, एवढीच दुरुस्ती करावी लागली.

तेव्हा नावे रोमन लिपीत होती. आता ती देवनागरीत असतात, आणि पेच निराळा आहे. 'ज्ञानेश्वर' या नावात काना, मात्रा, हलन्त धरून दहा चिन्हे. 1991 च्या इस्की प्रमाणात त्यांना दहा बाइट पुरत. आजच्या यूटीएफ-8 मध्ये तीस लागतात. कोणी वीस बाइटांचीच जागा ठेवली, तर 'ज्ञाने' एवढे अठरा बाइटांत बसते आणि 'श'च्या तीन बाइटांपैकी दोनच आत येतात. पगारपत्रकात नावाच्या शेवटी असा चौकोन दिसला, की मी आता आधी हेच विचारतो: लांबी चिन्हांत मोजली की बाइटांत?