पहिल्या डावात धाव होणार का?

बेसबॉलच्या सामन्यात ९ डाव असतात आणि प्रत्येक डावात दोन्ही संघ तीन गडी बाद होईपर्यंत फलंदाजी करतात. पहिल्याच डावात धाव निघेल का, यावर अमेरिकेत पैजा लागतात. हा प्रश्न केवळ नशिबाचा वाटला, तरी त्यामागे गणित आहे.

फलंदाजीचा ठरवलेला क्रम हमखास पहिल्या क्रमांकापासून सुरू होतो, तो फक्त पहिल्या डावात. साहजिकच उत्तम फलंदाज आरंभीच खेळतात आणि सरासरीने हा डाव सर्वाधिक धावांचा ठरतो. तरीही एखाद्या संघाची पहिली फलंदाजी दहांपैकी सुमारे सात वेळा कोरीच जाते. दोन्ही संघ कोरे राहण्याची शक्यता मग ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९, जवळजवळ नाणेफेकच!

अंदाज बांधताना सुरुवातीचा गोलंदाज, पहिले तीन-चार फलंदाज व मैदान पाहावे लागते. डेन्व्हरचे कूर्स फील्ड सुमारे १६०० मीटर उंचीवर असल्याने तेथील विरळ हवेत चेंडू दूर जातो. मात्र गोलंदाजाच्या मागील पाच सामन्यांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. इतक्या अल्प नमुन्यात योगायोगाचाच भाग मोठा असतो.

२०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांना क्रीडापैजांना परवानगी देण्याची मुभा मिळाली. पैज घेणाऱ्या कंपन्याही हेच गणित मांडतात आणि आपला नफा राखूनच भाव ठरवतात. त्यामुळे धाव होणार की नाही हे सांगणे कठीण असले, तरी अखेरीस खिसा कोणाचा रिकामा होणार, हे भाकीत सोपे आहे.