मण्यार चावल्यावर श्वास का थांबतो?

पांढुर्णा-सौसरच्या कपाशी-संत्र्याच्या पट्ट्यात पावसाळ्यात मण्यार घरात शिरते ती रात्री, आणि चावते ती बहुधा जमिनीवर झोपलेल्याला. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही कधी सापडत नाही. म्हणून ‘विष असतं तर कळलं असतं’ असं समजून पहाटेची पोटदुखी अपचनावर ढकलली जाते. पण दुखणं हे विषाचं माप नव्हे. घोणशीचं विष रक्त आणि मांस नासवतं. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकाशी काम करतं, आणि तिथलं नुकसान दुखत नाही, पापण्या मिटवतं.

मेंदूचा हुकूम विजेसारखा थेट स्नायूत उतरतो, हाही गैरसमजच. मध्ये फट असते. तंतूच्या टोकात सुमारे 40-50 नॅनोमीटरच्या पिशव्या असतात, प्रत्येकीत ॲसिटिलकोलिन या निरोप्या रसायनाचे हजारो रेणू. संदेश पोचला की कॅल्शियम आत येतं, प्रथिनं पिशवीचं आवरण तंतूच्या आवरणाशी जुळवतात, तिथे सूक्ष्म छिद्र उघडतं आणि रसायन फटीत सांडतं. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं. पिशवी फुटून संपत नाही. तिचं आवरण आत ओढून तंतू नवी पिशवी घडवतो. पेशीतल्या पिशव्यांची ही वाहतूक उलगडणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि सुडहॉफ यांना 2013 चं नोबेल मिळालं. मण्यारीच्या विषातलं फॉस्फोलायपेज हे विकर नेमकं हे आवरण पोखरतं. पिशव्या रित्या होतात, पुन्हा घडत नाहीत, आणि तंतूचं टोकच निकामी होतं. मग श्वासाच्या स्नायूंनाही हुकूम पोचत नाही, आणि श्वास थांबतो.

‘प्रतिविष दिलं तरी उठला नाही, मग ते कशाला?’ हा आक्षेप इथेच सुटतो. प्रतिविष रक्तात फिरणारं विष बांधतं, मोडलेलं टोक सांधत नाही. म्हणून ते लवकर हवं. नागाच्या दंशात विषाचा मुख्य मारा स्नायूच्या बाजूला असतो, तिथे ॲसिटिलकोलिन टिकवणारं निओस्टिग्मिन उपयोगी पडतं. मण्यारीत रसायन सुटतच नाही, तर टिकवणार काय? टोक नव्यानं उभं राहीपर्यंत, कधी कित्येक दिवस, श्वास यंत्रानंच द्यावा लागतो. मांत्रिकाकडे बरे झालेले दाखवले जातात. पण कित्येक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडत नाही. डोळे न उघडणारा, हातपाय न हलवणारा रोगी गेला असं घरचे धरून चालतात, तेव्हा तो शुद्धीवर असून सगळं ऐकत असू शकतो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं. आता जिल्ह्यातून नागपूरच्या रुग्णालयाच्या वाटेवर, श्वासाचं यंत्र मिळेपर्यंत, हातानं श्वास देणारी पिशवी आणि ती दाबणारा प्रशिक्षित माणूस प्रत्येक रुग्णवाहिकेत असायलाच हवा.